अंदाज आणि रुजुवात

संगणकावरचे काम मंदावले की पहिला आरोप यंत्रावर येतो, आणि यंत्राला वाचा नसल्यामुळे त्याची कैफियत ऐकून घेण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. डेटाबेसची निगा राखणे आणि त्याची मंदावलेली गती पूर्ववत करणे हा माझा उदरनिर्वाहाचा व्यवसाय. बँका, रुग्णालये, नगरपालिका आणि कारखाने अशा नाना तऱ्हेच्या दप्तरांतून वावरताना मला एक गोष्ट पुनःपुन्हा दिसत आली आहे, ती अशी की, ‘सर्व्हर स्लो झालाय’ हे वाक्य जितक्या सहजतेने उच्चारले जाते तितक्या सहजतेने त्याचा अर्थ लावता येत नाही. कुठे सर्व्हर काम सोडून कोणाची तरी वाट पाहत बसलेला असतो. कुठे त्याला दिलेला हुकूम अशा शब्दांत दिलेला असतो की हाताशी असलेल्या सूचीचा, म्हणजे इंडेक्सचा, त्याला उपयोगच करता येऊ नये. आणि कुठे, हा प्रकार मला सर्वांत मनोवेधक वाटतो, तो अगदी विचारपूर्वक आणि पूर्ण आत्मविश्वासाने चुकीच्या वाटेने चाललेला असतो, कारण ज्या माहितीवरून त्याने ती वाट ठरवली ती माहितीच शिळी झालेली असते.

हे तिन्ही प्रकार एकाच छपराखाली पाहण्याचा योग मला दक्षिण महाराष्ट्रातील एका सहकारी साखर कारखान्यात आला. साखर कारखान्याचे दप्तर वर्षातले सहा-सात महिने जवळजवळ निद्रिस्त असते. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडली की मात्र तेथे दिवस आणि रात्र हा भेद उरत नाही. बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि ट्रक यांची रांग वजनकाट्यापासून पार हमरस्त्यापर्यंत लागते, प्रत्येक वाहनाचे एकदा उसासह आणि एकदा रिकामे असे दोनदा वजन होते, आणि त्या दोन वजनांच्या वजाबाकीवर एखाद्या शेतकऱ्याची वर्षाची, लागण आडसाली असेल तर दीड वर्षाची, कमाई अवलंबून असते. याच पावत्यांवरून पुढे पंधरवड्याचे बिल निघते, सोसायटीच्या कर्जाची आणि इतर येण्यांची कपात होऊन उरलेली रक्कम बँकेत जमा होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत चुकती करण्याचे बंधन कारखान्यावर घातले आहे. ते किती ठिकाणी पाळले जाते हा विषय निराळा, पण बिल संगणकातूनच बाहेर पडत नाही हे कारण कोणत्याही कार्यकारी संचालकाला गेटवर जमलेल्या सभासदांपुढे सांगता येण्याजोगे नव्हते. गेल्या हंगामापर्यंत चहा होईस्तोवर आटोपणारा बिलाचा प्रोग्राम आता संध्याकाळी चालू करावा तर सकाळीही चालूच असे, आणि त्यातच काटाही मधूनमधून ‘हँग’ होत असे, अशी दुहेरी तक्रार होती. नव्या सर्व्हरच्या खरेदीची टिपणी संचालक मंडळासाठी तयार होती. तिच्यावर तज्ज्ञाचा शेरा हवा म्हणून मला बोलावले होते, आणि तो शेरा काय असावा याविषयीची अपेक्षा टिपणीच्या मसुद्यातच पुरेशी स्पष्ट होती.

मी प्रथम काट्यावर गेलो. केबिनमध्ये बसलेल्या मनुष्याने वजन घेतले, बटण दाबले आणि पडदा जागच्या जागी गोठला. बाहेरचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवू लागला, तसा हा गृहस्थ तेच बटण पुनःपुन्हा, आणि दर वेळी थोडे अधिक जोराने, दाबू लागला. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्या क्षणी कोण काय करीत आहे याची एक हजेरीवही असते; ती उघडून पाहिली, तेव्हा काट्याचे काम एका कुलपासाठी खोळंबले असल्याचे आणि ते कुलूप शेतकी विभागातील एका संगणकाने बराच वेळ लावून ठेवले असल्याचे दिसले. त्या संगणकाच्या नावापुढे ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असा शेरा होता, म्हणजे व्यवहार सुरू केला आहे, पूर्ण केलेला नाही आणि सध्या काहीच चाललेले नाही. शेतकी विभागात गेलो तर खुर्ची रिकामी. पावती दुरुस्तीचा फॉर्म पडद्यावर उघडा टाकून कारकून जेवायला गेले होते.

आता एका माणसाच्या जेवणाने साऱ्या कारखान्याचा काटा का अडावा? तर पावतीचा पुढचा अनुक्रमांक एका एकओळी टेबलात ठेवलेला होता, आणि नवी पावती करणाऱ्याने ती ओळ कुलूपबंद करून क्रमांक घ्यायचा, अशी प्रोग्रामची रचना होती. दुरुस्तीचा फॉर्म हा क्रमांक उघडताक्षणीच घेई आणि ‘सेव्ह’ होईपर्यंत कुलूप सोडत नसे. डेटाबेसमध्ये अनुक्रमांकासाठी कुलपावाचून चालणारी ‘सीक्वेन्स’ नावाची सोय असते, पण तिच्यात एखादा व्यवहार रद्द झाला तर मधला क्रमांक वाया जातो, आणि अनुक्रमांकातील खंड म्हणजे लेखापरीक्षकाचा आक्षेप हे सहकारात मुरलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. तेव्हा ती एकओळी व्यवस्था तशीच ठेवून क्रमांक अगदी शेवटी, ‘सेव्ह’च्या क्षणी घ्यावा असा बदल करवून घेतला, आणि व्यवहार अर्धवट उघडा टाकून ठराविक वेळेपेक्षा अधिक काळ स्वस्थ बसणाऱ्याचा संबंध डेटाबेसने आपण होऊन तोडावा अशी मर्यादाही घातली. काट्याची तक्रार तेवढ्याने मिटली. लक्षात घेण्याजोगे असे की या साऱ्या खोळंब्यात सर्व्हरचा प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता. दुप्पट शक्तीचे यंत्र आणले असते तर तेही तितक्याच निमूटपणे त्या कारकुनांचे जेवण आटोपण्याची वाट पाहत बसले असते.

बिलाचे प्रकरण मात्र याहून खोल होते. मी तेथील संगणक विभागाला, ज्याला जुनी मंडळी अजूनही ‘ईडीपी’ म्हणतात, एवढेच विचारले की या हंगामातल्या प्रत्येक बिलाला किती वेळ लागला. सांगण्यात आले ते असे: पहिले तासाभरात निघाले, दुसऱ्याला चार तास लागले, तिसऱ्याला नऊच्या आसपास, आणि चौथे संध्याकाळी लावले ते सकाळी कारखान्याचा भोंगा झाला तरी पुरे झाले नाही. एक, चार, नऊ ही शाळेत पाठ केलेली वर्गांची मालिका ऐकल्यावर यंत्राकडे पाहण्याचे कारणच उरले नाही. यंत्र जुने झाले म्हणून पंधरा दिवसांत चौपट मंद होत नसते. काम जितके वाढते त्याच्या वर्गाने वेळ वाढू लागला, तर कोठेतरी प्रत्येक ओळ प्रत्येक ओळीशी ताडून पाहिली जात आहे असेच समजावे.

असे का होते हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आय.बी.एम.च्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने १९७० साली रिलेशनल पद्धतीचा जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यातून पुढे जी परंपरा निर्माण झाली तिचे मर्म असे की, मागणाऱ्याने काय हवे तेवढेच सांगावे; ते कोणत्या वाटेने शोधावे याची चिंता डेटाबेसने वाहावी. ती वाट निवडायची कशी, हे त्याच प्रयोगशाळेतील ‘सिस्टिम आर’ प्रकल्पात काम करणाऱ्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडले: प्रत्येक संभाव्य वाटेचा खर्च अगोदर आकड्यांत अजमावावा आणि सर्वांत स्वस्त ती पत्करावी. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस याच तत्त्वाने चालतात. परंतु खर्च अजमावायचा तर अमुक अट घातल्यावर किती ओळी हाती लागतील हे आधी ठाऊक हवे, आणि प्रत्यक्ष मोजून पाहण्यात तर कामाइतकाच वेळ जायचा. म्हणून डेटाबेस आणेवारी लावतो. महसूल खात्यात सगळ्या शिवाराचे पीक कोणी मळून पाहत नाही. निवडक तुकड्यांवर कापणी प्रयोग करतात आणि त्यावरून गावाची आणेवारी ठरवतात. पोस्टग्रेसही टेबल कितीही मोठे असले तरी मूळ मांडणीनुसार त्यातील सुमारे ३० हजार ओळींचा नमुना उचलतो, कोणती मूल्ये किती प्रमाणात येतात याची यादी करून ठेवतो आणि पुढची आणेवारी लागेपर्यंत त्याच यादीवर विसंबून साऱ्या वाटा ठरवतो.

बिलाच्या क्वेरीचा ‘एक्स्प्लेन’, म्हणजे डेटाबेसने तिच्यासाठी ठरवलेल्या वाटेची योजना, मागवला. (‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’ मागवला नाही, कारण त्यात क्वेरी खरोखरच चालवली जाते आणि रात्रभर न संपणारी क्वेरी निदानासाठी पुन्हा रात्रभर चालवण्यात हशील नसते, ओळी बदलणारी क्वेरी असेल तर ओळी खरोखर बदलतातही.) त्या योजनेत वजनपावत्यांच्या टेबलापुढे, चालू हंगामाची अट लावल्यावर मिळणाऱ्या ओळींचा अंदाज लिहिला होता: १. तोडणी-पासांच्या टेबलापुढेही तोच: १. मग एवढीच एक लहानशी क्वेरी, की चालू हंगामाच्या पावत्या किती, प्रत्यक्ष चालवून पाहिली. उत्तर ४० हजारांच्या घरात आले. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, अशी डेटाबेसची प्रामाणिक समजूत असल्यावर एकाला धरून दुसऱ्याशी ताडून पाहावे, यात त्याचे काय चुकले? प्रत्यक्षात ते ४० हजार गुणिले ४० हजार, म्हणजे १६० कोटी ताडण्या झाल्या. भरीला, गावाचे नाव सभासदांच्या टेबलात असल्यामुळे गावाची गाळणी सर्वांत शेवटी लागत होती, आणि प्रोग्राम तर दीडशेच्या आसपास असलेल्या गावांसाठी ही क्वेरी गावागणिक चालवीत होता. बिलावर ‘आजअखेर एकूण ऊस’ छापावयाचा असल्याने मोजणी दर वेळी हंगामाच्या पहिल्या पावतीपासून होई. त्या वर्गमालिकेचे मूळ येथे होते.

अंदाज १ का निघाला, याचे उत्तर शिळ्या आणेवारीत होते. टेबलात सुमारे २० हंगामांच्या मिळून २० लाखांच्या आसपास ओळी होत्या, आणि त्या विसांचीही नावे डेटाबेसच्या यादीत प्रमाणासह नोंदलेली होती. त्या प्रमाणांची बेरीज पूर्ण शंभर टक्के भरत असल्यामुळे यादीत नसलेल्या नव्या हंगामाच्या वाट्याला काहीच उरत नव्हते. पोस्टग्रेस शून्याचा अंदाज कधी करीत नाही, किमान एक धरतो, म्हणून त्याने एक धरला. यादी आपोआप ताजी होण्याची सोय आहे, पण मूळ मांडणीत टेबलाच्या एक-दशांश ओळी बदलल्यावाचून ती जागी होत नाही. २० लाखांचा दशांश म्हणजे २ लाख बदल. हंगामाच्या पावत्या असतात लाखभर. एका पावतीचे भरल्या वजनाला, रिकाम्या वजनाला आणि बिलाच्या वेळी असे तीन बदल धरले तरी तो आकडा गाठेपर्यंत हंगामाचा दोन-तृतीयांश भाग उलटून जावयाचा. टेबल लहान होते तेव्हा हाच नियम अगदी योग्य होता. दप्तर जसजसे जुने होत गेले तसतसा तो नकळत निरुपयोगी होत गेला.

मग आदल्या हंगामापर्यंत बिले वेळेवर कशी निघत होती? हा प्रश्न मला त्या रात्री झोपू देईना, कारण निदान पुरे झाले असे तो सुटल्याखेरीज म्हणता येत नव्हते. उलगडा दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी झाला. ईडीपीमध्ये एक वयस्क कारकून होते. बिल लावण्यापूर्वी ते न चुकता ‘मेंटेनन्स’ नावाचे एक बटण दाबीत, पाच मिनिटे थांबत आणि मगच बिलाला हात घालीत. उन्हाळ्यात ते सेवानिवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या तरुणाला वाटले की हा केवळ जुन्या माणसाचा शिरस्ता. नारळ फोडल्यावाचून मोटार सुरू न करण्यातला प्रकार. बटणामागे काय आहे हे कोणीच पाहिले नव्हते. ते उघडून पाहता आत एकच ओळ सापडली: ‘ॲनालाइझ’. म्हणजे प्रत्येक बिलाआधी आणेवारी ताजी करण्याचे काम ते गृहस्थ वर्षानुवर्षे करीत आले होते, आणि कशासाठी करतो हे त्यांनाही कोणी सांगितलेले नव्हते.

उपाय सांगायला फार वेळ लागणार नाही. दोन्ही टेबलांची आणेवारी ताजी केली, त्याला काही सेकंद लागले. बिल पाच-सात मिनिटांत बाहेर पडले. त्या दोन टेबलांपुरती आपोआप ताजी होण्याची मर्यादा दशांशावरून शतांशावर आणली आणि ‘ॲनालाइझ’ची ती ओळ बटणातून काढून बिलाच्या प्रोग्राममध्येच पहिली ओळ म्हणून घातली. शिवाय, अंदाज पुन्हा कधी फसलाच तरी अनर्थ होऊ नये म्हणून हंगाम आणि पास क्रमांक या दोहोंचा मिळून एक जोड-इंडेक्स केला. पास क्रमांक दर हंगामाला १ पासून सुरू होत असल्यामुळे नुसत्या क्रमांकाचा इंडेक्स एका ओळीऐवजी वीस हंगामांच्या ओळी पुढे करी आणि नुसत्या हंगामाचा चाळीस हजार; दोन्ही अटी एकत्र घेतल्या की ओळ नेमकी एकच सापडते. असा इंडेक्स बी-ट्री रचनेचा असतो. सत्तरच्या दशकाच्या आरंभी बोइंग कंपनीच्या संशोधन विभागात रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी ती सिद्ध केली. पोस्टग्रेसमध्ये तिच्या आठ किलोबाइटच्या एकेका पानावर शेकडो नोंदी मावतात, त्यामुळे २० लाख ओळींतून हवी ती गाठायला तीन पाने उलटली की काम होते. पन्नास वर्षांपूर्वीची ही रचना आजही तशीच कामी येते, याचे मला कौतुक वाटते.

इंडेक्स असूनही तो निरुपयोगी कसा होतो, याचा एक नमुनाही तेथे मिळाला. सभासद क्रमांक डावीकडे शून्ये जोडून, अक्षरांच्या स्वरूपात साठवलेला होता. शोधणारा मात्र साधा आकडा टंकित करी. ही विसंगती मिटवण्यासाठी प्रोग्रामरने टेबलातील प्रत्येक क्रमांकाचे आधी आकड्यात रूपांतर करून मग तुलना करावी असा हुकूम लिहिला होता. इंडेक्स मूळ अक्षरांवर रचलेला, मागणी रूपांतरित आकड्याची. साहजिकच इंडेक्स बाजूला राही आणि एका सभासदासाठी सगळे टेबल वाचले जाई. शोधणाऱ्याच्या आकड्यालाच शून्ये जोडून घेतली, आणि शेतकऱ्याला खिडकीपाशी ताटकळत ठेवणारा तो शोध क्षणार्धात होऊ लागला.

याच्या उलट, सगळे टेबल वाचणे म्हणजे पातकच, असे मानणारा एक वर्ग आमच्या धंद्यात आहे. त्या ईडीपीतील तरुण हुशार होता, पण ‘को ८६०३२’ या वाणाच्या उसाची यादी काढताना डेटाबेस वाणाचा इंडेक्स वापरीत नाही, याचा त्याला मनस्वी राग आला होता. महाराष्ट्रातील अनेक कारखान्यांत लागणीचा फार मोठा भाग या वाणानेच व्यापलेला असतो. बहुसंख्य ओळी हव्याच असतील तर इंडेक्समधून एकेक ओळ हुडकत बसण्यापेक्षा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचत जाणे स्वस्त पडते. त्याने सक्तीने इंडेक्स वापरायला लावून पाहिले तेव्हा यादीला आणखी वेळ लागला, आणि तो खजील झाला. मात्र डेटाबेसही सर्वज्ञ नाही. गट आणि गाव अशा दोन अटी एकदम घातल्या की तो दोन्ही प्रमाणांचा गुणाकार करतो, जणू त्यांचा परस्परांशी काही संबंधच नाही. वास्तविक एखादे गाव संपूर्णपणे एकाच गटात असते, आणि गाव सांगितल्यावर गटाची अट नव्याने काहीच गाळीत नाही. वीस गट असतील तर अंदाज वीसपट खाली जातो. २०१७ मध्ये आलेल्या पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपासून असे परस्परावलंबी स्तंभ त्याला स्पष्टपणे सांगून ठेवता येतात. पण सांगावे लागतात, ते त्याला आपण होऊन उमगत नाहीत.

राहता राहिली सेटिंगांची गोष्ट. कुठूनतरी उतरवून घेतलेले आकडे संरचनेच्या फाइलमध्ये भरायचे आणि त्यालाच ट्यूनिंग म्हणायचे, ही रीत सर्वत्र रूढ आहे. त्यातील काही आकडे खरोखरच बदलण्याजोगे असतात. विखुरलेली पाने वाचण्याचा खर्च सलग वाचनाच्या चौपट धरण्याचा मूळ आकडा फिरत्या तबकडीच्या काळातला आहे, आणि एस.एस.डी. असेल तर तो खाली आणणेच रास्त. पण क्रमवारी लावण्यासाठी दिलेली ४ मेगाबाइटची स्मृती कोणी उत्साहाच्या भरात शेकडोंनी वाढवली, तर ती प्रत्येक जोडणीतील प्रत्येक क्रमवारीला स्वतंत्रपणे मिळते हे तो विसरलेला असतो, आणि ऐन गर्दीत सर्व्हरची स्मृती संपते.

टिपणीवर मी असा शेरा लिहिला की, सध्याचे यंत्र या कामास पुरेसे असून त्याच रकमेतून आणीबाणीसाठी दुसरे राखीव यंत्र घ्यावे, कारण काटा बंद पडल्यास गाळप बंद पडते. संचालक मंडळाने शेऱ्याचा पूर्वार्ध मान्य केला; उत्तरार्ध पुढील सभेपुढे ठेवण्यात आला आणि माझ्या माहितीप्रमाणे तो अद्याप तेथेच आहे. ज्या वाचकांचा अशा दप्तरांशी संबंध येत असेल त्यांना माझी एक विनंती आहे: आपल्याकडेही कोणी जुनी व्यक्ती शिरस्त्याने एखादे बटण दाबीत असेल, तर ती सेवानिवृत्त होण्यापूर्वी त्या बटणामागे काय लिहिले आहे ते उघडून वाचावे आणि त्याचे कारण एका कागदावर लिहून दप्तरी लावून ठेवावे.